मे महिन्यात ॲमस्टरडॅम, गेंट, ब्रसेल्स: काय खावे, काय प्यावे?

वेलदोडा | ३ मार्च, ९:१२

मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चौघे जात आहोत. ॲमस्टरडॅम चार दिवस, गेंट दोन, ब्रसेल्स दोन. दोघे सगळे खातात, पण बीफ नको. दोघे शाकाहारी, अंडे चालते. संग्रहालये आणि बोटींचे बुकिंग झाले आहे, त्यावर सल्ला नको. खाण्यापिण्यावर हवा आहे.

सध्याची यादी: कच्चा हेरिंग, मसल्स-फ्राइज, वॉफल, स्ट्रोपवाफल, चीज, चॉकलेट, बिअर. यातले मेमध्ये खरोखर चांगले काय मिळते? शाकाहारींना फ्राइज आणि सॅलडच्या पुढे काय? आणि बेल्जियन बिअरचा मेन्यू म्हणजे जुनी टेलिफोन डिरेक्टरी असते म्हणे, तर सुरुवात कुठून करावी?

"मेतकूट आणि थेपले न्या" हा सल्ला घरून मिळाला आहे, तो पुन्हा नको.

रॉटरडॅमचा_राघू | ३ मार्च, १०:४०

यादीतल्या पहिल्या दोन गोष्टींसाठी मे हा नेमका चुकीचा महिना आहे.

नवा हेरिंग (होलांडसं निवे) जूनच्या मध्यावर बाजारात येतो. वसंतात हा मासा प्लवक खाऊन अंगाला चरबी धरतो, आणि किमान १६ टक्के चरबी असल्याशिवाय त्याला ते नाव लावता येत नाही. मेमध्ये गाडीवर दिसेल तो गेल्या हंगामातला, फ्रीजरमधून काढलेला. फ्रीजरला नाक मुरडायचे कारण नाही. ॲनिसाकिस नावाच्या कृमीमुळे प्रत्येक हेरिंग किमान २४ तास उणे २० अंशांवर ठेवावाच लागतो, अगदी जूनमधलासुद्धा. पण दहा-अकरा महिने गोठून राहिलेल्या माशाच्या चरबीला खवटपणा येऊ लागतो, मांसही भुसभुशीत होते.

तो पूर्ण कच्चाही नसतो. कल्ल्यांमधून आतडी काढतात, पण स्वादुपिंड आत ठेवतात. त्यातली विकरे आणि थोडेसे मीठ मिळून मांस मुरवतात. खायचाच असेल तर ऑर्डर दिल्यावर समोर साफ करून देणारी गाडी शोधा. आधीच सोलून ट्रेमध्ये मांडलेला घेऊ नका, हवा लागली की ही चरबी भराभर बिघडते. कापलेला भाग चकचकीत, काट्याजवळ किंचित गुलाबी आणि वास समुद्राचा हवा. शेपटी धरून तोंडात सोडणे फोटोपुरते ठीक. ॲमस्टरडॅममध्ये तुकडे करून, चिरलेला कांदा आणि काकडीच्या लोणच्याबरोबर देतात.

मसल्सचा (आपले शिणाणे, तिसऱ्या नव्हेत) झीलंडमधला हंगाम साधारण जुलै ते एप्रिल. मे-जून हा त्यांचा विणीचा काळ, शिंपल्यात मांस कमी आणि पाणी जास्त. तेव्हा मेन्यूवर असलेच तर बहुधा दुसरीकडून आणलेले.

मासा हवाच असेल तर किबलिंग घ्या. कॉड किंवा तसल्याच पांढऱ्या माशाचे तुकडे पातळ पिठात बुडवून तळतात, वर मसाला भुरभुरतात, बरोबर राविगोट किंवा लसणाचे सॉस. तळून ठेवलेला ढीग दिसला तर पुढच्या गाडीकडे चला.

अर्धा_कप | ३ मार्च, १०:५५

थोडक्यात, तिकिटे बदला.

गेंटवासी | ३ मार्च, १२:२०

तिकिटे बदलू नका. मे म्हणजे पांढऱ्या ॲस्परॅगसचा महिना. हंगाम एप्रिलच्या मध्यापासून २४ जूनपर्यंत. त्यानंतर शेतकरी काढणी थांबवतात, म्हणजे रोप पुढच्या वर्षासाठी जोर धरते. मातीच्या उंच वाफ्यात झाकून वाढवतात, ऊन लागत नाही म्हणून रंग पांढरा.

फ्लेमिश पद्धतीने मागवा: उकडलेल्या ॲस्परॅगसवर कुस्करलेले उकडलेले अंडे, वितळवलेले लोणी, पार्सली, थोडे जायफळ. तुमच्या शाकाहारी मंडळींना संपूर्ण जेवण झाले. मात्र डच बाजूला याच पदार्थात हॅम आणि नवे बटाटे घालतात, तेव्हा "झोंडर हॅम" (हॅमशिवाय) असे आधीच सांगायचे.

राहत्या घरी स्वयंपाकघर असेल तर बाजारातून आणून करा. मुख्य जेवण असेल तर माणशी अर्धा किलो. दोन दांडे एकमेकांवर घासले की कुरकुर आवाज आला पाहिजे, कापलेले टोक ओलसर हवे. शेंड्याच्या खालून सुरुवात करून जाडसर सोला. इथे कंजुषी केली की तोंडात दोरे येतात, आणि नव्वद टक्के तक्रारी याच असतात. मिठाच्या पाण्यात दहा-बारा मिनिटे मंद उकळा, गॅस बंद करून थोडा वेळ त्याच पाण्यात राहू द्या.

मांसाहारींसाठी करड्या कोळंबीचे क्रोकेट (खार्नालक्रोकेट). उत्तर समुद्रातली नखाएवढी कोळंबी, जाड पांढऱ्या सॉसमध्ये, बाहेर ब्रेडचा चुरा. चांगल्या ठिकाणी सॉस कोळंबीच्या सालांच्या अर्कात करतात आणि बरोबर तळलेली पार्सली व लिंबू येते. चिरल्यावर आतले हळूहळू ओघळले पाहिजे. घट्ट गोळा निघाला तर कारखान्यातला माल समजा. ओस्टडाइनकेर्के गावात अजून काही जण घोड्यावर बसून समुद्रात जाळे ओढतात, युनेस्कोच्या यादीत २०१३ मध्ये गेलेली परंपरा आहे. तुमच्या वाटेवर नाही, पण कळलेले बरे.

फोडणी | ३ मार्च, १४:०५

शाकाहारींसाठी सगळ्यात आधी हे वाचा. बेल्जियममधले फ्राइज शाकाहारी असतीलच असे नाही. पारंपरिक फ्रीटकोट (फ्राइजची टपरी) बैलाच्या चरबीत तळते. फ्लेमिशमध्ये ओसनविट, फ्रेंचमध्ये ब्लाँ द बफ. बीफ न खाणाऱ्या बाकीच्या दोघांनाही हे लागू. रांगेत उभे राहण्याआधी "प्लांटार्दिख?" किंवा "वील व्हेजेताल?" विचारा, वनस्पती तेलात तळणारेही आता बरेच आहेत. नेदरलँड्समध्ये तेल बहुतेक वनस्पतीचे, पण त्याच कढईत फ्रिकांडेल (मिश्र खिम्याचे सॉसेज) तळलेले असू शकते. त्यावर उपाय नाही, आपापली रेघ ओढा.

चरबी का वापरतात तेही सांगते. ती खोलीच्या तापमानाला घट्ट असते, त्यामुळे गार होताना फ्राइज तेलकट होण्याऐवजी कोरडे लागतात. खरे काम मात्र दोनदा तळण्याचे. बटाटा बिंत्ये जातीचा, पिठूळ, एक ते सव्वा सेंटिमीटर जाड कापलेला. पहिल्यांदा १४०-१५० अंशांवर पाच-सहा मिनिटे, रंग न येऊ देता आतून शिजेपर्यंत. मग किमान अर्धा तास गार. या वेळात वाफ निघून पृष्ठभाग कोरडा होतो. दुसऱ्यांदा १७५-१८० अंशांवर दोन-तीन मिनिटे. गार न करता दुसरी फेरी दिली की पाच मिनिटांत मऊ पडतात. टपरीवर गाळणीत पांढरट अर्धकच्चे फ्राइज पडलेले दिसतात ते शिळे नव्हेत, पहिली फेरी झालेले आहेत. ते दिसले तर रांगेत राहा.

आणि बेल्जियममध्ये "लहान" मागा. लहान म्हणजे एका माणसाचे जेवण.

रॉटरडॅमचा_राघू | ३ मार्च, १४:३०

शाकाहारींच्या दृष्टीने मग डच फ्राइजच बरे की! शिवाय शेंगदाण्याचे साते सॉस, मेयो आणि कच्चा कांदा घातलेले पाताट ओरलोख बेल्जियनांना जमलेले नाही.

फोडणी | ३ मार्च, १४:३८

जमलेले नाही, की त्यांनी सभ्यपणे टाळले आहे? फ्राइज चांगले असले की त्यावर चिखल ओतावा लागत नाही.

रॉटरडॅमचा_राघू | ३ मार्च, १४:४४

बेल्जियन टपरीवर वीस सॉसच्या बरण्या कशासाठी असतात मग?

अर्धा_कप | ३ मार्च, १४:४६

मी पॉपकॉर्न आणतो. वनस्पती तेलातले.

सायीचं_भांडं | ३ मार्च, १७:१५

दुसऱ्या प्रश्नाकडे येते. नेदरलँड्समध्ये शाकाहारींची उपासमार होत नाही, फक्त काय मागायचे ते माहीत हवे.

पानकूक: ताटाएवढे पातळ धिरडे, त्यात चीज, सफरचंद किंवा मशरूम. बेकनचे (स्पेक) सोडून बाकी बहुतेक चालतात. वर घट्ट काळे सिरप घालतात. चीजवर सिरप विचित्र वाटते, पण घाला.

पोफर्चेस: गव्हाच्या मैद्यात बकव्हीटचे (कुट्टू) पीठ आणि यीस्ट घालून केलेले, आप्प्यासारख्या खळग्यांच्या तव्यावर भाजलेले छोटे फुगीर गोळे. लोणी आणि पिठीसाखर घालून लगेच खायचे. दहा मिनिटांनी रबर.

कासूफ्ले: पातळ आवरणात वितळलेले चीज, तळलेले. आत चटका बसण्याइतके गरम, आधी टोक तोडून वाफ जाऊ द्या.

बिटरबॉलन (तळलेले छोटे गोळे) मात्र विचारल्याशिवाय नको. मूळ पदार्थ बीफ किंवा वासराच्या मांसाच्या रस्स्यात घट्ट रू (लोण्यात परतलेला मैदा) शिजवून केलेला, अनेकदा जिलेटिन घालून. भाज्यांचे किंवा चीजचे बिटरबॉलन बहुतेक कॅफेंत मिळतात, तरी जिलेटिनचे विचारा.

चीजबद्दल: कडक शाकाहारी असाल तर रेनेट (दूध साकळवणारा घटक) पाहा. पाकिटावर नुसते "स्ट्रेमसेल" लिहिले असेल तर वासराचे असू शकते, "मिक्रोबिएल" किंवा "व्हेखेतारिस" असेल तर निर्धास्त. हे मनावर न घेणाऱ्यांसाठी गौडाची वये: योंग साधारण चार आठवडे, बेलेखन चार महिने, औट दहा-बारा महिने, ओव्हरयारिख दीड वर्षाच्या पुढे. जुन्या चीजमध्ये दाताखाली कुरकुरतात ते मिठाचे खडे नव्हेत, टायरोसिन या अमिनो आम्लाचे स्फटिक. दुकानात चव घेऊन मगच घ्यायचे, कोणी रागावत नाही. लायडनचे जिऱ्याचे चीज आवर्जून चाखा, आपल्या जिभेला पहिल्या घासात ओळखीचे वाटते. फ्रीसलँडच्या चीजमध्ये लवंगा असतात, ते जरा जपून.

अल्कमारचा चीज बाजार शुक्रवारी सकाळी भरतो, एप्रिल ते सप्टेंबर. तो देखावा आहे, भाव करायला जाऊ नका. गंमत म्हणून छान.

पावशेर | ३ मार्च, १७:४०

स्ट्रोपवाफल राहिला. पाकीट विमानतळावर घ्या, पण खायचा तो बाजारात, समोर केलेला. दालचिनी घातलेल्या कणकेची गोळी साच्यात दाबतात, गरम असतानाच सुरीने आडवी चिरून दोन पातळ चकत्या करतात आणि मध्ये सिरप, ब्राउन शुगर, लोण्याचे मिश्रण भरतात. गार झाली की चिरताना मोडते, म्हणून ते लोक इतक्या घाईत असतात. पाकिटातला असेल तर कॉफीच्या कपावर झाकण म्हणून मिनिट-दोन मिनिटे. जास्त ठेवला की खालची चकती वाफेने ओली होऊन कपात पडते.

अंडे न खाणारे कोणी असतील तर घटकांत "ei" (आय, म्हणजे अंडे) हा शब्द ठळक शोधा. युरोपात अंडे, दूध, गहू, शेंगदाणे वगैरे १४ ॲलर्जीकारक घटक ठळक छापावेच लागतात. भाषा येत नसली तरी यावर निभावते.

हेगकर | ३ मार्च, २०:१०

इतके प्रतिसाद झाले आणि सुरिनामी खाणे कोणीच काढले नाही? नेदरलँड्समध्ये शाकाहारी माणसाचे सगळ्यात चांगले जेवण तिथे होते.

५ जून १८७३ ला लाला रूख हे जहाज भारतातले करारबद्ध मजूर घेऊन सुरिनामला पोचले. बहुतेक लोक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाले, त्या सुमारास त्यांचे वंशज मोठ्या संख्येने नेदरलँड्सला आले, हेगमध्ये सर्वांत जास्त. त्यांची रोती म्हणजे मऊ मोठी पोळी, कधी आत भाजलेल्या डाळीचे सारण. बरोबर मसाल्याचा बटाटा, चवळीच्या लांब शेंगांची भाजी (काउसनबांड), उकडलेले अंडे आणि चिकन. शाकाहारीत चिकनऐवजी टोफू किंवा भोपळा. मसाला आपल्यापेक्षा वेगळा, हळद आणि जिरे पुढे. तिखट हवे तर माडाम जानेत मिरचीचा साम्बाल वेगळा मागा. वेगळाच मागा, ताटात घालायला सांगू नका. हाबानेरोच्या घरातली मिरची आहे.

बारा म्हणजे उडदाच्या डाळीचा तळलेला वडा, मध्ये भोक, चिंचेच्या किंवा आंब्याच्या चटणीबरोबर. हा डच खाण्याचाच भाग झालेला आहे, तेव्हा "तिथे जाऊन भारतीय काय खायचे" म्हणू नका.

निमूट | ३ मार्च, २०:३५

+१. आणि अवांतर: तिथल्या सुपरमार्केटातले कार्नेमेल्क म्हणजे आंबट ताक. जाडसर आणि बिनमिठाचे असते, निम्मे पाणी, मीठ, जिरेपूड घातली की काम झाले. फुल फॅट क्वार्क रात्रभर फ्रीजमध्ये फडक्यात टांगला की चक्का. तिथली मराठी घरे श्रीखंड याचेच करतात.

अर्धा_कप | ३ मार्च, २०:४१

चार दिवस ॲमस्टरडॅममध्ये काढून चक्का टांगायचा? बिअरवर या कोणीतरी.

कोकमआगळ | ३ मार्च, २१:३०

आलो. डिरेक्टरी मोठी दिसते, पण घराणी मोजकी आहेत. या क्रमाने चाखा.

पहिली व्हिटबिअर: गहू, धणे आणि संत्र्याची साल. हूखार्डन गावात हा प्रकार जवळपास संपला होता, १९६६ मध्ये पिएर सेलिस यांनी पुन्हा सुरू केला. हलकी, पाच टक्क्यांच्या आसपास, उन्हात बसून प्यायची.

मग ट्रिपल, उदाहरणार्थ वेस्टमाल ट्रिपल, साडेनऊ टक्के. रंग फिका सोनेरी, म्हणून फसतात. ३३ सेंटिलिटरच्या एका बाटलीत साधारण २५ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे पाच टक्क्यांच्या तेवढ्याच लागरच्या जवळपास दुप्पट. त्यानंतर डुबल, गडद, मनुका-गुळाच्या अंगाची, सात टक्के. रोशफोर १० ही ११.३ टक्क्यांची, ती शेवटी, एक बाटली दोघांत.

ट्रॅपिस्ट (ख्रिस्ती भिक्षूंच्या एका पंथाचे नाव) हा बिअरचा प्रकार नाही. ती कोण आणि कुठे करते याची अट आहे: मठाच्या आवारात, भिक्षूंच्या देखरेखीखाली, नफा मठाच्या गरजांसाठी आणि दानासाठी. बेल्जियममध्ये ओरव्हाल, शिमे, रोशफोर, वेस्टमाल, वेस्टव्हलेटरन. नेदरलँड्समध्ये ला ट्राप आणि झुंडर्ट. लेबलवर षटकोनी शिक्का असतो. "ॲबे" (मठ) लिहिलेली बाकीची कोणत्याही कारखान्यात होऊ शकते. वाईट असतेच असे नाही, फक्त भिक्षू चित्रात असतात.

तापमान: व्हिटबिअर गार, पण डुबल आणि त्यापुढच्या १० ते १४ अंशांना. बर्फगार मागू नका, चव मिटते. प्रत्येक बिअरचा आपला ग्लास असतो, तो आधी थंड पाण्याने विसळतात. साबणाचा अंश राहिला तर फेस बसतो. ओतताना ग्लास तिरका, एका दमात, तळाचा साधारण एक सेंटिमीटर गाळ बाटलीतच. तो यीस्ट आहे, प्यायला हरकत नाही, पण बिअर गढूळ आणि कडवट होते. काही जण तो मुद्दाम वेगळ्या पेल्यात घेतात.

पावशेर | ३ मार्च, २२:०५

सगळे बरोबर, क्रम चुकीचा. ब्रसेल्सला जाऊन ग्यूझ (लांबिकपासून होणारी आंबट बिअर) क्रमातच नाही? जड बिअरने जीभ दमली की ग्यूझ नुसती आंबट लागते. ब्रसेल्सच्या पहिल्याच दुपारी, रिकाम्या जिभेने.

लांबिक कशी होते ते थोडक्यात: धान्याच्या मिश्रणात किमान ३० टक्के मोड न आणलेला गहू, हॉप्स मुद्दाम जुने (कडवटपणा गेलेले, पण टिकवण्याचा गुण शिल्लक). उकळलेला रस रात्री उघड्या, उथळ तांब्याच्या हौदात गार करतात आणि हवेतले यीस्ट, जिवाणू आपोआप त्यात उतरतात. नंतर लाकडी पिंपात एक ते तीन वर्षे. एक, दोन, तीन वर्षांच्या लांबिक मिसळून बाटलीत पुन्हा आंबवली की ग्यूझ. हे काम थंडीतच चालते, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात नको ते जिवाणू शिरतात. आँदेर्लेख्तमधली काँतियों (स्थापना १९००) मेमध्ये बघता येईल, पण उकळणी दिसणार नाही, पिंपे दिसतील.

लेबलवर "औड ग्यूझ" किंवा "औड क्रीक" हे शब्द पाहा. ते नसतील तर क्रीक (चेरी घातलेली लांबिक) बहुधा गोड केलेली, चेरी सरबताच्या वळणाची.

कोकमआगळ | ३ मार्च, २२:१८

पहिल्याच दुपारी ग्यूझ दिली की निम्मे लोक "बिअर खराब झाली आहे" म्हणून परत पाठवतात. आधी तीन दिवस जीभ तयार होऊ द्या.

पावशेर | ३ मार्च, २२:२१

सोलकढी पिणाऱ्या माणसाला आंबटाची तयारी? आयडी बदला आधी.

कोकमआगळ | ३ मार्च, २२:२४

_/\_

निमूट | ४ मार्च, ७:५०

जेनेव्हर कोणी सांगितले नाही. जिनचे मूळ. "औड" आणि "योंग" यांचा वयाशी संबंध नाही, पद्धतीचा आहे. योंगमध्ये मॉल्टवाइन (धान्याची ऊर्ध्वपातित दारू) जास्तीत जास्त १५ टक्के, औडमध्ये किमान १५, कोरनवाइनमध्ये किमान ५१. पहिल्यांदा औड घ्या, योंग पुष्कळदा व्होडकाच्या जवळ जाते. ट्युलिपच्या आकाराचा पेला काठोकाठ भरतात; हात न लावता, वाकून पहिला घोट घ्यायचा. प्यायला ॲमस्टरडॅममध्ये डाम चौकाजवळ वाइनांड फॉकिंक (१६७९), गेंटमध्ये द्रॉपलकोट.

आणि बेल्जियन बिअर इतकी कडक का, याचे एक कारण याच पेल्यात आहे. १९१९ च्या कायद्याने तिथल्या दारूगुत्त्यांत कडक दारू विकायला बंदी आली ती १९८० च्या दशकापर्यंत टिकली. गिऱ्हाईक जास्त टक्क्यांच्या बिअरकडे वळले.

वेलदोडा | ४ मार्च, ९:३०

सगळ्यांचे आभार, हेरिंग आणि मसल्स कापले. वॉफलवर कोणीच बोलले नाही. ब्रसेल्स आणि लिएज असे दोन प्रकार दिसतात, आणि घरी करता येईल का?

फोडणी | ४ मार्च, ११:००

ब्रसेल्स वॉफल आयताकृती, सैल यीस्टच्या पिठाचा, फेटलेला अंड्याचा पांढरा भाग घातलेला. हलका, बाहेरून कुरकुरीत, पिठीसाखर घालून सुरी-काट्याने. लिएजचा कणकेचा, कडा वेड्यावाकड्या, आत मोतीसाखर (साखरेचे जाड पांढरे दाणे), ती साच्याला लागून जळके कॅरमल होते. हातात धरून, काही न लावता. क्रीम, स्ट्रॉबेरी आणि चॉकलेटच्या सॉसचा डोंगर असलेले वॉफल काचेमागे मांडलेले दिसतात, ते सकाळी भाजून पुन्हा गरम केलेले असतात. साचा तापलेला आणि वास येत असेल तिथेच थांबा.

घरी लिएज, सातेक वॉफल: २५० ग्रॅम मैदा, १०० मिली कोमट दूध, १ अंडे, ५ ग्रॅम कोरडे यीस्ट, चिमूट मीठ, व्हॅनिला. मळून झाल्यावर १२५ ग्रॅम मऊ लोणी थोडे थोडे घालत पुन्हा मळा. पीठ चिकटच राहते, वरून मैदा घालू नका. तासभर फुगू द्या. त्यानंतर १४० ग्रॅम मोतीसाखर मिसळा. आधी घातली तर ती विरघळून पिठाचे पाणी करते आणि वॉफल चपटे होतात. ९०-९५ ग्रॅमचे गोळे, पंधरा मिनिटे विश्रांती, १८० अंशांवर तीन-चार मिनिटे. १९० च्या वर गेले की साखर कडू. पुण्या-मुंबईच्या मेमध्ये लोणी सुटते, गोळे फ्रीजमध्ये ठेवा. साचा गरम असतानाच ओल्या फडक्याने पुसा, गार झालेले कॅरमल छिन्नीने निघते.

सायीचं_भांडं | ४ मार्च, ११:१२

मोतीसाखरेऐवजी खडीसाखर ठेचून चालेल का?

फोडणी | ४ मार्च, ११:२०

नाही. खडीसाखर हा अखंड स्फटिक, तीन मिनिटांत वितळत नाही आणि दात जातो. शुगर क्यूब घ्या. ते दाणे दाबून केलेले असतात, चार-पाच मिलिमीटरचे तुकडे करा, भुगा चाळून टाका.

हेगकर | ४ मार्च, १३:४५

चॉकलेट. प्रालिन हा भरलेला प्रकार ब्रसेल्सच्या नॉयहाउसने १९१२ मध्ये काढला, मूळ दुकान गॅलरी द ला रेनमध्ये आहे. ताज्या क्रीमचे सारण असलेले दोन-तीन आठवडेच टिकते, म्हणून शेवटच्या दिवशी घ्या आणि केबिन बॅगेत ठेवा. विकणाऱ्याला "प्रवास आहे, भारतात जायचे" सांगा, तो गानाशऐवजी (क्रीमचे सारण) हेझलनटचे प्रालिने (हेझलनट-साखर वाटून केलेले सारण) देईल, ते जास्त टिकते. सारणात दारू आहे का तेही विचारा. मुंबईत उतरल्यावर हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये, आणि खाण्याआधी डबा न उघडता खोलीच्या तापमानाला आणा. थंड चॉकलेटवर दव धरले की साखर वर येऊन पांढरे डाग पडतात.

ड्रोप (ज्येष्ठमधाची काळी गोळी) भेट म्हणून आणणार असाल तर "झूट" म्हणजे गोड घ्या. "दुबल्झाउट" मध्ये नवसागर असतो, नातेवाईक बोलणे बंद करतील. रक्तदाबाचे औषध चालू असणाऱ्यांनी मुठीने खाऊ नये, ज्येष्ठमधातले ग्लिसरायझिन दाब वाढवते. मऊ गोळ्यांत जिलेटिन असू शकते.

अर्धा_कप | ४ मार्च, १३:५०

आणि कॉफी "कॉफीशॉप"मध्ये (म्हणजे गांजाच्या दुकानात) मागू नका. मिळेल, पण लोक तिथे कॉफीसाठी येत नाहीत. कॅफे किंवा कॉफीहाउस शोधा. दूध जास्त हवे तर "कॉफी फरकेअर्ड".

वेलदोडा | ४ मार्च, २१:००

आता असे ठरते आहे. ॲमस्टरडॅम: बाजारात स्ट्रोपवाफल आणि किबलिंग, एक दिवस हेगला जाऊन रोती, पानकूक, जेनेव्हर. गेंट: ॲस्परॅगस, कोळंबीचे क्रोकेट. ब्रसेल्स: फ्राइज (तेल विचारून), वॉफल, ग्यूझ, शेवटच्या दिवशी चॉकलेट. गेंटला शाकाहारींसाठी आणखी काही? आणि बिअर घरी किती आणता येते?

गेंटवासी | ४ मार्च, २१:४०

गेंट त्या बाबतीत सगळ्यात सोपे, २००९ पासून तिथे गुरुवार हा शाकाहारी दिवस म्हणून पाळतात. दुपारी "दाखस्खोटेल" (त्या दिवसाची थाळी) विचारा, आठवड्याच्या दिवसांत बहुतेक ठिकाणी असते आणि रात्रीपेक्षा स्वस्त पडते. स्टुम्प म्हणजे बटाटा आणि भाजी एकत्र कुस्करलेली, सॉसेजऐवजी अंडे घालून देतात. चिकन खाणाऱ्यांनी गेंटचे वॉटरझोई घ्यावे: लीक, गाजर, सेलरी, क्रीम, अंड्याचा बलक. रस्सा सरसरीत हवा. क्रीम फुटून कण दिसले तर बलक घातल्यावर उकळी आलेली आहे. स्टोफव्हलेस मात्र बीफचे, आणि फ्राइजवर त्याचाच रस्सा ओतायची पद्धत आहे, तेव्हा "सॉस?" विचारल्यावर नुसती मान डोलवू नका.

रात्री साडेआठ-नऊच्या आत जेवायला बसा, स्वयंपाकघरे लवकर बंद होतात. पाणी विकतच येईल हे धरून चाला.

पावशेर | ४ मार्च, २२:१०

बिअर, वाइन, दारू सगळे धरून माणशी दोन लिटर शुल्कमुक्त. ३३ सेंटिलिटरच्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर, बसतात. ग्यूझची ७५ सेंटिलिटरची बाटली आतल्या दाबाची असते, बुचाला तारेची जाळी असलेलीच घ्या आणि चेक-इन बॅगेत कपड्यांच्या मधोमध. घरी आल्यावर दोन दिवस उभी ठेवून मग उघडा, नाहीतर हललेल्या गाळासकट छताला लागेल.

आणि नेदरलँड्समध्ये कॅन आणि लहान प्लास्टिक बाटल्यांवर १५ सेंट अनामत असते, कचऱ्यात टाकू नका, सुपरमार्केटच्या यंत्रात घाला.

अर्धा_कप | ४ मार्च, २२:१५

चौघांचे आठ लिटर झाले. शाकाहारींच्या बॅगा पण मोजल्या मी.